25 पानं, तीन बर्नर आणि महालक्ष्म्यांचा स्वयंपाक

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. सासर अकोल्याचं, राहायला पुण्यात. सासूबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे यंदा महालक्ष्म्या पहिल्यांदाच पुण्याच्या फ्लॅटमध्ये बसणार. पान 25. आजवर तुम्ही हाताखाली होतात, यंदा ओट्यापाशी तुम्हीच उभ्या. तुमचं पुरण दरवेळी सैल होतं, म्हणून किलोला गूळ किती घालू, आणि आदल्या दिवशी काय काय करून ठेवू, असं विचारलंय.

मी अमरावतीची. घरच्या महालक्ष्म्यांचा स्वयंपाक 29 वर्षं करतेय. एरवी कुळधर्म, मुंज, डोहाळजेवण अशा 30 ते 50 पानांच्या ऑर्डरी घेते. महालक्ष्म्यांच्या दिवशी मात्र ऑर्डर घेत नाही, कारण त्या दिवशी मलाच कुणीतरी मदतीला हवं असतं.

पुरणाचं सांगतेच, पण मला तुमच्या बेतात खरी अडचण दिसते ती तव्याची. हिशोब करून बघा. आपल्याकडची पोळी जाड, पुरणाने टच्च भरलेली, मंद आचेवर भाजायची. एकीला तीन मिनिटं धरा. 25 पानांना सरासरी दीड पोळी म्हणजे 38, नैवेद्याच्या पाच, शेजारी-पाजारी आणि सवाष्णींना घरी न्यायला सात-आठ. झाल्या 50. एका तव्यावर अडीच तास. तेवढा वेळ एक बर्नर आणि एक माणूस गुंतलं. उरलेल्या दोन बर्नरवर भात, वरण, कढी, आंबील, सोळा भाज्यांची भाजी आणि वडे-भजी. बहुतेक जणी ‘सगळं झालं की शेवटी गरमागरम पोळ्या लाटू’ असं ठरवतात, आणि साडेबाराच्या नैवेद्याला दोन वाजतात. उपाशी पाहुणे हॉलमध्ये शांत बसून राहतात. त्यांची ती शांतता फार वाईट असते.

आता तुमच्या घरावर काय काय अवलंबून आहे ते आधी बोलू, कारण त्याशिवाय वेळापत्रक सांगण्यात अर्थ नाही.

पहिलं म्हणजे पंचांग. आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठावर, विसर्जन मुळावर. त्यामुळे गणपती बसल्यापासून कितव्या दिवशी त्या येतील हे दरवर्षी सारखं नसतं. 2024 मध्ये गणपती 7 सप्टेंबरला बसले आणि आवाहन 10 ला होतं, मंगळवारी. 2025 मध्ये गणपती 27 ऑगस्टला आणि आवाहन 31 ला, म्हणजे रविवारी. रविवार असला की भाजी-किराण्याला अख्खा दिवस हाताशी असतो, मंगळवार असला की ऑफिसातून आल्यावर धावपळ. रजा टाकायची तर माझं मत असं की पूजनाची तर हवीच, पण आवाहनाची अर्धी तरी मिळवा. सगळी लढाई आवाहनाच्या संध्याकाळीच जिंकायची असते.

दुसरं सोवळं. काही घरी पूजनाच्या दिवशी पहाटे अंघोळ करून, ओलेत्याने भरलेल्या पाण्यातच सगळा स्वयंपाक होतो. आदल्या रात्री चिरलेली भाजीसुद्धा चालत नाही. काही घरी नैवेद्यापुरतं सोवळ्यात आणि पंगतीचं मोकळेपणाने. काही घरी आता फक्त ‘अंघोळ केल्याशिवाय ओट्याला हात लावायचा नाही’ एवढंच उरलंय. यात चूक-बरोबर मी ठरवणार नाही, तुम्हीही एकटीने ठरवू नका. सासूबाईंना आत्ताच, शांतपणे, थेट विचारा: पुरण आदल्या रात्री शिजवलं तर चालेल का? त्या ‘हो’ म्हणाल्या तर तुमचं निम्मं ओझं उतरलं. ‘नाही’ म्हणाल्या तर पहाटे चारला उठायची तयारी आणि दुसरा कुकर उसना आणायचा. आणि हो, सोवळ्यात नवराही चालतो. पुरणयंत्राचा दांडा फिरवायला दंडात जोर लागतो, मंत्र लागत नाहीत.

बाकी वेळापत्रक नैवेद्याच्या वेळेपासून उलटं मांडायचं. आणि त्यात नैवेद्याचं ताट आणि पंगत या दोन गोष्टी मनात वेगळ्या करायच्या. नैवेद्याला लागतात पाच पोळ्या, मूठभर भात, पळीभर कढी, चार-पाच वडे. हे सगळं थोडं थोडं आधी काढून घेतलं की आरती वेळेवर होते. पाहुणे आरतीला उभे असतात तेव्हा दुसरी एखादी तव्यापाशी उभी राहू शकते. मी पोळ्या साडेनऊलाच सुरू करते, शेवटी नाही. भाजलेली पोळी सुती कापडावर मोकळी पसरते, वाफ गेली की डब्यात कापड घालून रचते आणि पान वाढताना तव्यावर तूप सोडून दोन्ही बाजूंनी नुसती शेकते. जाड पुरणाची पोळी अशी दुसऱ्यांदा शेकलेली कधी कधी पहिल्यापेक्षा खुसखुशीत लागते. एक लाटणारी आणि एक भाजणारी असेल, आणि तवे दोन असतील, तर 50 पोळ्या सव्वा तासात होतात. म्हणून मदतीला कोण येतंय याचा विचार करताना ‘कोणाला काय येतं’ यापेक्षा ‘साडेनऊ ते अकरा कोण येऊ शकतं’ हे बघा. बाराला नटून-थटून ‘काही मदत करू का गं?’ म्हणणारीला पाणी भरायला लावा.

आता पुरण. एक किलो हरभऱ्याच्या डाळीचं, तेवढाच गूळ घालून, आटल्यावर अडीच किलोच्या आसपास पुरण होतं. आपल्या पोळीत 80–90 ग्रॅम पुरण जातं, म्हणजे किलोला 28–30 पोळ्या. 50 पोळ्यांना पावणेदोन किलो डाळ. गूळ किती हे चवीवर आहे. मी किलोला 900 ग्रॅम घालते, आमच्या जाऊबाई निम्मा गूळ निम्मी साखर घालतात. पण सैल पुरणाचा आणि गुळाच्या मापाचा फारसा संबंध नाही. सैलपणा येतो तो पाण्यामुळे, आणि पाणी तीन ठिकाणी राहून जातं.

एक, डाळ कुकरमधून काढली की चाळणीवर ओतून पाच मिनिटांत पुढे जाण्याची घाई. पंधरा-वीस मिनिटं निथळू द्या, मधे एकदा खालीवर करा. खाली जमेल तो कट आमटीला जाईल. दोन, गूळ घातल्यावर तो वितळतो आणि पुरण एकदम पातळ दिसतं. ते पाहून घाबरायचं नाही. पसरट कढईत, मध्यम आचेवर, तळापासून हलवत ते पाणी आटवायचं. तीन, आणि हीच तुमची चूक असावी असा माझा अंदाज आहे: खोल पातेलं. पावणेदोन किलोचं पुरण एकाच उंच गंजात ढवळत बसलात तर वाफ जायला वाट मिळत नाही आणि तळ लागतो. दोन कढयांत करा. सराटा (तुमच्या पुण्यात उलथनं) पुरणात उभा रोवल्यावर न पडता राहिला की गॅस बंद. गार झाल्यावर पुरण आणखी घट्ट होतं, म्हणून सराटा ‘जेमतेम’ उभा राहतोय तेव्हाच थांबायचं. जास्त आटलं तर पोळी लाटताना कडा फाटतात. मग कोमट दुधाचा एखादा चमचा घालून मळून घ्यायचं. सैल झालेल्या पुरणात मैदा किंवा भाजलेलं बेसन घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. परत आचेवर ठेवा, तेवढंच.

कुकरबद्दलही लक्षात घ्या. पाच लिटरच्या कुकरमध्ये डाळ-पाणी मिळून निम्म्याच्या वर भरायचं नाही, नाहीतर फेसाने शिटी तुंबते. 600 ग्रॅम डाळीला साधारण पावणेदोन लिटर पाणी, असे तीन घाणे. हळद, चमचाभर तेल, बाकी काही नाही. गूळ चुकूनही आधी घालायचा नाही, डाळ टणकच राहते. पाणी टँकरचं किंवा बोअरचं असेल तर जड पाण्यातही डाळ शिजत नाही, म्हणून त्या दिवशी डाळीलाही पिण्याचंच पाणी वापरा. डाळ बोटांत दाबल्यावर मधे कणी लागली नाही पाहिजे. आणि यंत्रातून काढायची ती गरम असताना. गार झालेली डाळ आवळते, यंत्र फिरत नाही आणि घरात वादावादी होते. मी गूळ घालून आटवण्याआधीच वाटून घेते, काही जणी आटवून मग वाटतात. दोन्ही चालतं.

कणकेबद्दल एवढंच: सैल मळा, तेलाचा हात लावून चांगली तिंबा आणि दीड-दोन तास झाकून ठेवा. पुरण आणि कणीक बोटाला सारखीच मऊ लागली पाहिजेत. पुरण घट्ट आणि कणीक सैल असेल तर पुरण एका कडेला गोळा होतं, उलट असेल तर पोळी फुटते.

आता एक गोष्ट, जी तुम्ही विचारली नाहीत पण विचारायला हवी होती. नैवेद्य दाखवेपर्यंत चव घेता येत नाही. रोजच्या स्वयंपाकात आपला सगळा भरवसा जिभेवर असतो आणि वर्षातल्या सर्वांत मोठ्या स्वयंपाकाला नेमकी तीच बांधलेली. आमच्याकडे एका वर्षी मी आणि जाऊबाई, दोघींनीही सोळा भाज्यांच्या भाजीत मीठ घातलं. मी पूजेचं तबक द्यायला देवघरात गेले होते, तेवढ्यात त्यांनी घातलं, परत येऊन मी. आरतीनंतर पहिला घास सासऱ्यांनी घेतला, आणि काही न बोलता ताटातला भात भाजीत कालवायला लागले. मग घाईघाईने लाल भोपळा उकडून त्यात कुस्करला, थोडा गूळ आणि दाण्याचं कूट घातलं. भाजी वाढली, खारटपणा कमी झाला, पण पूर्ण गेला नाही.

त्या वर्षापासून मी मिठाच्या वाट्या मांडते. ओट्याच्या मागच्या बाजूला ओळीने छोट्या स्टीलच्या वाट्या, प्रत्येक पदार्थाची एक, सकाळीच वजनकाट्यावर मोजून. माप सोपं आहे: तयार पदार्थाच्या किलोला किंवा लिटरला 10 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दोन छोट्या चमच्यांना किंचित कमी. कढी चार लिटर तर 40 ग्रॅम. भाजी शिजून दोन किलो होणार असेल तर 20. कोणीही मीठ घातलं की वाटी पालथी घालायची. पालथी वाटी म्हणजे घातलं, उताणी म्हणजे राहिलंय. ओरडून विचारायला नको, आठवायला नको. अंबाडी-मेथीसारख्या पाल्याला मात्र शिजून खाली बसल्यावरच मीठ घाला, कच्चा ढीग बघून वाटी भरली तर खारट होणारच.

सोळा भाज्यांत लोक पैसे आणि वेळ वाया घालवतात. पावशेर-पावशेर घेतलं तरी चार किलो भाजी होते. 25 पानांना, एवढे पदार्थ असताना, दीड-पावणेदोन किलो पुरे. म्हणजे प्रत्येक भाजी साधारण 100 ग्रॅम: एक दोडका, एक कारलं, पाच-सहा भेंड्या, भोपळ्याची एक फोड. आमच्या बाजारात त्या दिवसांत सोळा भाज्यांचे तयार वाटे मिळतात. पुण्यात भाजीवालीला सांगून बघा, विदर्भातली बरीच मंडळी तिथे आहेत, तिला माहीत असेल. लाल भोपळा, दुधी, दोडका, गिलकं, पडवळ, कारलं, भेंडी, गवार, चवळीच्या शेंगा, तोंडली, ढेमसं, काकडी, सुरण, मका, अंबाडी, मेथी अशी माझी यादी असते. तुमच्या घरी बटाटा चालतो की नाही, वांगं चालतं की नाही, हे विचारून घ्या. सुरण आणि असलाच तर अळू खाजरा असतो, म्हणून या भाजीत चिंच हवीच आणि चिरताना हाताला तेल. कडक भाज्या आधी, पाला शेवटी. झाकण ठेवून वाफेवर. फोडणीत हिंग-मोहरी, वर दाण्याचं कूट, खोबरं, कोथिंबीर. ही भाजी दहा वाजता तयार झाली तरी साडेबारापर्यंत चवीला उलट मुरते, त्यामुळे तिला शेवटच्या तासात जागा देऊ नका.

पडवळाची कढी फुटते ती घाईमुळे. आंबट दह्याचं ताक, लिटरला 35–40 ग्रॅम बेसन, गार असतानाच घुसळून एकजीव करायचं आणि उकळी येईपर्यंत पळी थांबवायची नाही. मीठ उकळीनंतर. पडवळाच्या चकत्या वेगळ्या वाफवून घातल्या तर कढी फार ढवळावी लागत नाही.

आंबिलीला 250 ग्रॅम ज्वारीचं पीठ आदल्या रात्री ताकात भिजवायचं, सकाळी उकळत्या पाण्यात ओतून गाठी न होऊ देता शिजवायचं. आलं, मिरची, जिरं, खोबऱ्याचे काप. हिची चव घेणारे दोन-तीनच म्हातारे असतात, पण नसली तर तेच विचारतात.

फुलोऱ्याच्या करंज्या-पापड्या-वेण्या दोन-तीन दिवस आधी तळल्या तरी बहुतेक घरी चालतं. तळलेल्याला सोवळ्याचे नियम जरा सैल असतात. सोवळ्याबद्दल विचाराल तेव्हा हेही विचारून घ्या.

आता काय गाळायचं. हा नाजूक भाग आहे. 29 वर्षांत मी पाहिलंय की ताटातले सगळे पदार्थ कुळाचाराचे नसतात. आमच्याकडे कितीतरी वर्षं महालक्ष्म्यांना गुलाबजाम व्हायचे. मी विचारलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘‘अगं, ते तुझ्या मोठ्या नणंदेला आवडायचे म्हणून सुरू केले.’’ नणंदेचं लग्न होऊन तोवर अकरा वर्षं झाली होती. तुमच्याही ताटात असा एखादा गुलाबजाम असणार. पुरण, आंबील, कढी, सोळा भाज्या, वडे-भजी, एक चटणी, एक कोशिंबीर, वरण-भात. या पलीकडचं काय ते सासूबाईंसमोर कागद धरून एकेक विचारा: हे देवीचं की आपलं? देवीचं असेल तर नैवेद्यापुरतं का होईना, करायचं. आपलं असेल तर यंदा सुट्टी. मसालेभात तर मी तुम्हाला न विचारताच काटते. पुरणपोळीच्या पानावर तो कुणीच नीट खात नाही आणि शेवटच्या तासात एक बर्नर अडवून बसतो.

उरलेल्या किराण्याचा अंदाज: तांदूळ पावणेदोन किलो, वरणाला तुरीची डाळ अर्धा किलो, भज्यांना बेसन अर्धा किलो, तूप किलोभर. तुपात हात आखडू नका, वऱ्हाडातली माणसं पोळीपेक्षा तुपाच्या वाटीकडे आधी बघतात.

आणि सासूबाईंना खोलीत झोपवून ठेवू नका. डॉक्टर बसायची परवानगी देत असतील तर स्वयंपाकघराच्या दारात पाठ टेकायची खुर्ची, पाय ठेवायला समोर स्टूल. त्यांच्या मांडीवर परात द्या, पुरणाचे गोळे त्या करतील. आवाहनाच्या संध्याकाळी डाळ भिजत घालताना मात्र माप त्यांना विचारा. त्या म्हणतील, ‘‘माणशी अर्धी ओंजळ.’’ तेव्हा त्यांना ओंजळ भरायला लावा आणि ती वजनकाट्यावर रिकामी करून आकडा फ्रीजच्या दारावर लिहून ठेवा. माझ्या सासूबाईंची ओंजळ 140 ग्रॅमची होती. माझी भरते 165 ची, आणि पहिली तीन वर्षं आमच्याकडे पुरण का उरत होतं ते मला त्या दिवशी कळलं.